पूर्णगड ते आचरा : नागपूरच्या सहल संयोजकांना खुले पत्र

नागपुरातील सर्व सहल संयोजक आणि प्रवासी मंडळांचे चालक यांस,

सप्रेम नमस्कार.

गणपती उठले की आपल्या हिवाळी सहलींची पत्रके घरोघरी येऊ लागतात आणि त्यांत ‘कोकण-गोवा’ ही सहल हमखास असते. गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण, तारकर्ली आणि मग थेट गोवा, हा तिचा क्रम आता कितीतरी नागपूरकर कुटुंबांना पाठ झाला आहे. या ठिकाणांविषयी माझी तक्रार नाही. माझी विनंती त्या क्रमातल्या एका मोठ्या पोकळीविषयी आहे. रत्नागिरी सोडली की आपली बस मुंबई-गोवा महामार्गाला लागते आणि राजापूर, कणकवली करत मालवणला उतरते. हा महामार्ग समुद्रापासून बराच आतून जातो. त्यामुळे पूर्णगडापासून आचऱ्यापर्यंतचा सगळा किनारा, म्हणजे रत्नागिरी तालुक्याचा दक्षिण भाग, राजापूर तालुका आणि जवळजवळ अख्खा देवगड तालुका, प्रवाशांच्या उजव्या हाताला डोंगरांच्या आड राहतो आणि ते झोपेत असताना मागे पडतो.

समुद्र पाहण्यासाठी आपण नागपूरकर हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करतो. मुंबई-पुण्याच्या माणसाला शनिवार-रविवार जोडून किनाऱ्यावर जाता येते; आपल्याला जाण्यायेण्यातच तीन-चार दिवस घालवावे लागतात आणि म्हणून अनेक कुटुंबांच्या आयुष्यात ही सहल एकदाच घडते. इतक्या लांबून आलेल्या माणसाला एका किनाऱ्यावर दोन तास, दुसऱ्यावर दीड तास आणि उरलेला वेळ बसमध्ये, असे वेळापत्रक मिळते. कमीत कमी दिवसांत जास्तीत जास्त ठिकाणे दाखवावीत, असा ग्राहकांचाच आग्रह असतो, हे आपले उत्तर मला ठाऊक आहे. परंतु ज्या माणसाला दुसरे काही दाखवलेच गेले नाही, त्याने मागावे तरी काय? म्हणूनच हे पत्र ग्राहकांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

या किनाऱ्यातली काही नावे नागपूरकरांना बातम्यांतून माहीत आहेत. जैतापूर, नाणार आणि बारसू ही गावे अणुऊर्जा आणि तेलशुद्धीकरण प्रकल्पांच्या वादांमुळे राज्यभर पोहोचली. त्या प्रकल्पांविषयी कोणाचे काय मत असावे, हा या पत्राचा विषय नाही. मात्र महाराष्ट्राच्या एका सुंदर भागाची उरलेल्या महाराष्ट्राला केवळ वादांमधून ओळख व्हावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. बारसूच्या ज्या सड्याचे, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराचे, नाव आपण २०२३ साली आंदोलनाच्या बातम्यांत ऐकले, त्याच सड्यावर दोन वाघांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाचे कातळशिल्प आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

रत्नागिरीहून दक्षिणेला निघावे आणि महामार्गाकडे न वळता पावसचा रस्ता धरावा. पावसला स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर आहे आणि आपल्या काही सहली तेथपर्यंत येतातही. तेथून त्या परत फिरतात, ही खरी अडचण आहे. पुढे मुचकुंदी नदी समुद्राला मिळते त्या मुखावर पूर्णगडाचा लहानसा किल्ला आहे. नावाजलेल्या किल्ल्यांच्या मानाने तो फार छोटा आहे, पण त्याच्या समुद्राकडच्या दरवाज्यातून बाहेर पडल्यावर खाडी, पुळण (वाळूचा किनारा) आणि मोकळा समुद्र एकाच नजरेत येतात. खाडी ओलांडली की गावखडीचा सुरूच्या बनाचा किनारा लागतो. या किनाऱ्यावर आणि पुढे आडिवऱ्याजवळच्या वेत्ये येथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालण्यासाठी येतात. अंड्यांचे संरक्षण केले जाते आणि साधारणपणे फेब्रुवारीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत पहाटे किंवा संध्याकाळी पिल्ले समुद्रात सोडली जातात. पिल्ले कोणत्या दिवशी बाहेर येतील, हे कोणीही आगाऊ सांगू शकत नाही. वीस मिनिटांचा थांबा ठेवणाऱ्या सहलीला ती दिसण्याची शक्यता जवळजवळ नसते. गावात तीन रात्री राहणाऱ्याला मात्र बरीच आशा ठेवता येते.

कशेळीचे कनकादित्य मंदिर हे महाराष्ट्रातल्या मोजक्या सूर्यमंदिरांपैकी एक आहे. सौराष्ट्रातल्या प्रभासपाटणहून निघालेल्या एका व्यापाऱ्याचे गलबत येथे अडून राहिले आणि म्हणून त्याने सूर्यमूर्ती येथेच किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली, अशी आख्यायिका गावात सांगितली जाते. रथसप्तमीला येथे मोठा उत्सव भरतो. मंदिरापासून जवळच देवघळीचा किनारा आहे, जेथे कड्यावर उभे राहून खालच्या घळीत शिरणारे पाणी पाहता येते. त्यापुढे आडिवऱ्याची महाकाली, नाटे गावचा यशवंतगड, जैतापूरची खाडी आणि आंबोळगड अशी ठिकाणे आहेत. आंबोळगडाच्या स्वच्छ वाळूवर हिवाळ्यातसुद्धा आठवड्याच्या मधल्या दिवशी मोजकीच माणसे भेटतात. या गावांची नावे मी भराभर घेते आहे, कारण त्यांपैकी प्रत्येकात ‘पाहण्याचे ठिकाण’ शोधत बसले तर कदाचित निराशाच होईल. येथला आनंद रस्त्यात आहे: सडा, मग एकदम उतार, खाली माडांची वाडी, वाडीच्या टोकाला खाडी, पूल आणि पुन्हा सडा.

या सड्यांविषयी मात्र थोडे थांबून लिहायला हवे. जांभ्या दगडाची ही विस्तीर्ण पठारे आपल्या डोळ्यांना पहिल्यांदा ओसाड वाटतात. पावसाळा सरता सरता त्यांवर रानफुलांचे गालिचे येतात आणि हिवाळ्यात गवत पिवळे पडते. त्याच उघड्या कातळावर काही हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी प्राणी, मासे, मानवाकृती आणि आजही नीट न उलगडलेल्या भौमितिक रचना कोरून ठेवल्या आहेत. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. त्या यादीतल्या नऊ ठिकाणांपैकी सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात आहेत आणि त्यांतली कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही पाच ठिकाणे याच पट्ट्यात येतात. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे आणि त्याच्या देहाच्या आत इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. तो एका जागी उभे राहून दिसत नाही. त्याच्याभोवती फिरत, एकेक रेषा जुळवत तो मनात उभा करावा लागतो. देवाचे गोठणे येथे कातळातल्या चुंबकीय गुणामुळे होकायंत्राची सुई भरकटते आणि मुलांना याहून चांगला भूगोलाचा तास मिळणार नाही. ही शिल्पे सकाळी किंवा उन्हे कलल्यावर पाहावीत, कारण तिरप्या उजेडातच उथळ रेषा उठून दिसतात. स्थानिक वाटाड्याला सोबत घेतल्याशिवाय तेथे जाऊच नये. छायाचित्र चांगले यावे म्हणून रेषांमध्ये खडू किंवा रांगोळी भरणे आणि कोरीव भागावर चालणे या गोष्टी आपल्या व्यवस्थापकांनी पहिल्याच दिवशी निक्षून बंद कराव्यात.

वाघोटण खाडीच्या दक्षिण तीरावरचा विजयदुर्ग हा या पट्ट्यातला सर्वांत प्रसिद्ध किल्ला असूनही बहुतेक सहलींच्या वाटेवर नाही. तीन बाजूंनी पाणी आणि तिहेरी तटबंदी असलेला, पूर्वी घेरिया या नावाने ओळखला जाणारा हा किल्ला शिवाजी महाराजांनी घेतला. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे झाला आणि इंग्रज, पोर्तुगीज व डच यांच्या जहाजांना त्याचा दीर्घकाळ धाक होता. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तो जिंकला आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. मराठी आरमाराचा कणा त्या दिवशी आपल्याच संमतीने मोडला, ही गोष्ट त्या तटावर उभे राहून ऐकताना जितकी अंगावर येते तितकी पुस्तकात वाचताना येत नाही. पुढे पेशव्यांच्या आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप यांचा मुक्काम येथेच होता. खाडीत थोडे आत गेले की जहाजांच्या बांधणी-दुरुस्तीसाठी खडक खोदून केलेली मराठ्यांची गोदी आहे. किल्ला पाहून परतणारे बहुतेक प्रवासी तिकडे फिरकत नाहीत, आणि माझ्या मते किल्ल्याच्या खालोखाल पाहण्यासारखी जागा तीच आहे. भिंतीवरून शौर्य कळते. गोदीवरून कळते की त्या शौर्यामागे सुतार, लोहार, खलाशी आणि भरती-ओहोटीचा हिशेब जाणणारी माणसे होती.

याच किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ नावाचे चौथरे आहेत आणि त्यांवरून सूर्यग्रहण पाहताना हेलियमचा शोध येथे लागला, असे पर्यटकांना उत्साहाने सांगितले जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्या शोधाचा संबंध आहे, हे खरे. पण ज्यांची निरीक्षणे त्या संदर्भात मानली जातात ते फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन तेव्हा आंध्रातल्या गुंटूरला होते आणि नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गाचे मोठेपण सिद्ध करायला या दाव्याची मुळीच गरज नाही. आपण माहितीपत्रक छापाल तेव्हा कृपया खरी गोष्ट छापा आणि गोदीला दोन ओळी जास्त द्या.

आता जेवणाकडे वळते, कारण माझा सर्वांत मोठा आग्रह तेथे आहे.

‘सोबत आपला स्वयंपाकी, घरच्यासारखे जेवण’ हे वाक्य आपल्या पत्रकांत ठळक अक्षरांत असते आणि ज्येष्ठ प्रवाशांना त्याचा दिलासा वाटतो, हे मी नाकारत नाही. अशाच एका सहलीत मी समुद्रापासून शंभर पावलांवर बसून वरण-भात, बटाट्याची भाजी आणि पुऱ्या जेवले. पलीकडच्या घरात त्याच वेळी बांगड्याचे तिखले रटरटत होते आणि तिरफळाचा वास कुंपणावरून आमच्या पंगतीपर्यंत येत होता. एखाद्या पुणेकर मंडळाने नागपूरला येऊन सावजी रस्सा, तर्री-पोहे आणि वडाभात यांना हातही न लावता आपल्या आचाऱ्याच्या हातचे जेवून परत जावे, तर त्याने नागपूर पाहिले असे आपण म्हणू का? आपल्या सहली या किनाऱ्याशी नेमके तेच करत आहेत.

या भागातले जेवण एकच एक ‘मालवणी थाळी’ नसते. पावस, कशेळी, राजापूर या बाजूला आणि देवगड-आचऱ्याच्या बाजूला चव बदलते, घरोघरी बदलते, आणि महिन्यामहिन्यालाही बदलते. मासेखाऊ मंडळींसाठी सांगायचे तर पापलेट आणि सुरमई यांच्यापलीकडे पाहण्याची सवय आपण प्रवाशांना लावू शकता. बांगडा, पेडवे, सौंदाळे, मुडदुशा, लेपी, खाडीतल्या तिसऱ्या (शिंपले) आणि खडकांवरून फोडून आणलेली कालवे, यांतले काय ताजे आले आहे ते त्या सकाळी विचारावे आणि तेच शिजवायला सांगावे. ताज्या बांगड्याला आठ दिवस बर्फात राहिलेल्या सुरमईची सर येत नाही असे म्हणण्याचा प्रघात आहे, पण खरी गोष्ट उलटी आहे: त्या सुरमईला ताज्या बांगड्याची सर कधीच येणार नाही. ओल्या खोबऱ्याचे वाटप, आमसूल किंवा आगळाची आंबट चव, वर्षभराचा घरगुती मसाला आणि तांदळाची भाकरी, एवढ्यावर तिथली गृहिणी जे करते ते आपल्या आचाऱ्याने करू म्हटले तरी होणार नाही.

शाकाहारी प्रवाशांचे काय, हा प्रश्न आपण विचाराल. नागपूरच्या सहलींत त्यांची संख्या मोठी असते आणि कोकणात त्यांना उपाशी राहावे लागते असा एक समज पक्का झाला आहे. वस्तुस्थिती अशी आहे की या किनाऱ्यावरच्या अनेक घरांत वर्षानुवर्षे केवळ शाकाहारी स्वयंपाक होतो आणि मासे खाणाऱ्या घरांतही सोमवार, गुरुवार, श्रावण पाळला जातो. काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळी, कुळथाची पिठी आणि भात, ओल्या काजूगरांची उसळ, कोवळ्या फणसाची भाजी, केळफूल, नीरफणसाचे काप, आमसुलाचे सार, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, घावणे, सकाळी उकड्या तांदळाची पेज: यांतला एकही पदार्थ नागपूरच्या घरी रोज होत नाही आणि यांतले कितीतरी पदार्थ ज्येष्ठांच्या पोटाला जड नाहीत. ओले काजूगर फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतात, फणसाच्या रसाची सांदणे मे महिन्यात. पत्रकात तारखांच्या शेजारी त्या महिन्यात काय खायला मिळेल ते छापले तर सहलीची निवड लोक वेगळ्या रीतीने करतील, अशी माझी खात्री आहे.

हापूसविषयी वेगळे लिहायला नको, असे वाटेल. पण उन्हाळ्यात बैंगनपल्लीच्या राशी पाहणाऱ्या आणि ‘देवगड’ असे छापलेल्या पेटीवर विश्वास ठेवणाऱ्या नागपूरकराला झाडावरून उतरवलेला, पेंढ्याच्या आढीत पिकलेला आंबा बागेतच चाखता आला तर त्याला पुढची सगळी वर्षे फरक ओळखता येईल. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि आपल्या नागपुरी संत्र्यालाही ते मिळालेले आहे. फळाच्या नावावर दुसऱ्याच मुलखाचा माल खपवला जातो तेव्हा बागायतदाराला काय वाटते, हे काटोल-नरखेडच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. एप्रिलच्या अखेरीस देवगडच्या बागायतदारांकडे आपल्या संत्रा बागायतदारांची एखादी सहल नेता आली तर ती फारच उपयोगाची होईल.

देवगडच्या किल्ल्यातले दीपगृह, समुद्राला अगदी लागून असलेले कुणकेश्वराचे मंदिर, ओहोटीच्या वेळी खडकांवर दिसणारी तेथली शिवलिंगे, मिठमुंबरी आणि तांबळडेगच्या लांब पुळणी आणि शेवटी आचरा, असा दक्षिणेकडचा भाग आहे. आचऱ्याचे रामेश्वर मंदिर आणि तेथली गावपळण ही ऐकण्यासारखी गोष्ट आहे: काही वर्षांनी एकदा देवाचा कौल मिळाला की सारे गाव गुरेढोरे, कोंबड्या-कुत्र्यांसह तीन दिवस वेशीबाहेर झोपड्या बांधून राहते. या सोहळ्याला सहल नेण्याचा विचार मात्र कोणी करू नये. तो गावाचा स्वतःचा आहे. त्याऐवजी दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रांत होणारे दशावतारी नाटक पाहावे. रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारे, लेखी संहितेवाचून रंगणारे ते नाटक पाहायला गावकरी पाहुण्यांना आनंदाने जागा देतात. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बस सुटणार असेल, तर कोणाला ते पाहता येणार नाही.

वेळापत्रकाविषयी एक साधी गोष्ट सुचवते. समुद्राला स्वतःचे वेळापत्रक असते आणि ते पंचांगात सापडते. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीची साधारण वेळ मिळते, हा किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब आहे. पौर्णिमेला किंवा अमावस्येला भरती साधारण अकरा-साडेअकराला येते, म्हणजे संध्याकाळी ओहोटी आणि सूर्यास्ताला चालायला लांबच लांब वाळू. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येते आणि त्याच संध्याकाळी त्याच किनाऱ्यावर उभे राहायला अरुंद पट्टी उरते. आपल्या सहली सुट्ट्या पाहून आखल्या जातात, ते ठीकच आहे, पण त्या दिवसांत किनाऱ्यावर कोणत्या वेळी जायचे हे तरी तिथीवरून ठरवता येईल. त्यात सौंदर्याइतकाच सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. या गावांच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतीलच असे नाही, पोहण्याची सवय असलेले नागपूरकर तलावात पोहायला शिकलेले असतात, आणि ओहोटीची ओढ त्यांना ठाऊक नसते. पाण्यात कोठे उतरावे आणि कोठे नाही, हे गावातल्या मच्छीमाराला विचारून मगच परवानगी द्यावी आणि त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. पहाटे रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढली जात असेल तर आपल्या प्रवाशांना तेथे न्यावे. दोराला हात लावू का, असे विचारले तर बहुधा कोणी नाही म्हणत नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा त्या दिवसांत ‘ताज्या माशांची मेजवानी’ असे कोणी छापू नये.

पोहोचण्याची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. नागपूर-मडगाव ही विशेष गाडी गेली काही वर्षे मुदतवाढ घेत आठवड्यातून दोनदा धावत आली आहे आणि ती रत्नागिरी, राजापूर रोड, कणकवली येथे थांबते. दुसरा मार्ग मला स्वतःला अधिक आवडतो: महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूरला उतरावे आणि अणुस्कुरा घाटाने राजापूरला, किंवा गगनबावड्याहून करूळ घाटाने तळेरे-विजयदुर्ग रस्त्याला लागावे. कोल्हापूर ओलांडल्यावर ऊस मागे पडतो, मग जंगल येते, घाटमाथ्यावर वारा बदलतो आणि काही तासांत माणूस कोरड्या देशावरून दमट किनाऱ्यावर येतो. सह्याद्री आणि कोकण यांचे नाते रेल्वेच्या बोगद्यांतून जाताना असे कळत नाही. खाली आल्यावर मोठ्या बसचा हट्ट मात्र सोडावा लागेल. आंबोळगड, कशेळी, वाड्यांमधले उतार हे पन्नास आसनांच्या बससाठी नाहीत. पंधरा-वीस माणसांचा गट आणि लहान गाडी हेच तेथे चालेल.

मुक्काम एका उत्तरेकडच्या गावात तीन रात्री आणि एका दक्षिणेकडच्या गावात तीन रात्री, असा असावा. पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदलेली घरे या पट्ट्यात आहेत, इतरही घरगुती निवास आहेत. तेथे गरम पाणी बादलीने मिळेल, वीज कधी जाईल, खोलीत दूरचित्रवाणी नसेल, हे प्रवाशांना आधी स्पष्ट सांगावे. एप्रिल-मेमध्ये सड्यावरच्या गावांत पाण्याची टंचाई असते, तेव्हा पाणी जपून वापरा हेही सांगावे. ज्या घरी वीस माणसांचे जेवण सांगितले जाते त्या घरची बाई पहाटे बंदरावर जाऊन मासळी घेते, नारळ फोडते, शेजारच्या दोघींना मदतीला बोलावते. ऐनवेळी बेत बदलला तर तिचे पैसे बुडू नयेत, म्हणून जेवणाची रक्कम आगाऊ द्यावी. दर ठरवताना शहरातल्या खानावळीशी घासाघीस करावी तशी तिच्याशी करू नये. किनाऱ्यावर गाडी उतरवणे, मोठ्याने गाणी लावणे, वाळूत प्लेट-पेले टाकून येणे हे गावखडी-वेत्येसारख्या ठिकाणी केवळ असभ्यपणाचे नाही. कासवांच्या घरट्यांवर त्याचा थेट परिणाम होतो आणि समुद्री कासवे वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत.

असा आडवाटेचा भाग लोकांना दाखवला तर तोही एक दिवस गर्दीने बिघडेल, अशी भीती मला स्वतःलाही वाटते आणि म्हणूनच हे पत्र लिहिण्याआधी मी बराच काळ थांबले. पण लोक तेथे येणारच आहेत. सागरी महामार्गाचे पूल एकामागून एक होत आहेत आणि रस्ते रुंद होत आहेत. प्रश्न एवढाच आहे की पहिल्यांदा येणारे कोणत्या सवयी घेऊन येतात. सुरुवात आपल्यासारख्या अनुभवी मंडळींनी केली, लहान गट नेले, गावच्या स्वयंपाकघराला काम दिले आणि वाटाड्यांना मान दिला, तर पुढे येणाऱ्यांनाही तेच वळण लागेल.

या हिवाळ्याची पत्रके छापखान्यात जाण्यापूर्वी आपल्यापैकी निदान एका मंडळाने ‘पूर्णगड ते आचरा’ अशी सहा मुक्कामांची, वीस जणांची, स्वयंपाकी न नेणारी एक सहल जाहीर करावी, ही माझी विनंती आहे. नोव्हेंबरच्या उत्तरार्धातली तारीख निवडली तर जत्रा आणि दशावतार मिळतील. फेब्रुवारीतली निवडली तर ओले काजूगर, आणि नशिबाने साथ दिली तर कासवांची पिल्ले. गावांची निवड, घाटरस्ता, तिथीप्रमाणे किनाऱ्यावरच्या वेळा आणि प्रत्येक मुक्कामी काय जेवायला सांगावे, याचा कच्चा आराखडा मी तयार ठेवला आहे. जे मंडळ मागेल त्याला तो मी विनामूल्य देईन आणि धरमपेठेत किंवा आपल्या कार्यालयात बसून त्यावर बोलायलाही येईन.

आपली,
समुद्रावर जीव असलेली एक नागपूरकर प्रवासी
धरमपेठ, नागपूर